तांब्याच्या तारेचे टाके

जुनी गाडी नवी करून श्रीमंत झालेला माणूस कुणी पाहिलाय का? नवी करता करता म्हातारा झालेला मात्र गल्लोगल्ली सापडतो. कुशनवालीच्या घरात असा एक होता. अकरा वर्षं तो एका लाल, बसक्या, बिनछपराच्या, दोन सीटच्या गाडीपुढं गुडघे टेकून बसला, आणि गाडी उभी राहिली तेव्हा स्वतः आडवा झाला. त्याला आता चौदा महिने झाले.

कुशनवाली म्हणजे त्याची बायको. गाड्यांच्या सीटा, छतं, दारांची आतली अस्तरं शिवण्यात तिची उभी हयात गेली. शाळा तिसरीतच सुटली, पण कातड्यावरून तळवा फिरवला की जनावर कुठल्या कुशीवर निजायचं ते सांगायची. नवरा पत्र्याचा माणूस. चेपलेला पत्रा ठोकून असा सरळ करायचा, की चेपलाच नव्हता असं पत्र्यालाही वाटावं. तो बोलायचा कमी. त्याच्या वाटचं ती बोलायची. गल्लीत तिला पाठीमागं 'सुई' म्हणत, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिला ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. सुई हरवली की सगळं घर शोधत बसतं, असं ती म्हणायची.

आता घरात शोधणारं कुणी नव्हतं. खाली गाळा, वर एक खोली, मधे अरुंद लोखंडी जिना. सकाळी ती खाली उतरायची, शिलाईच्या मोठ्या टेबलावरचं कापड झटकायची, एकच कप चहा करायची आणि तो पिऊन झाल्यावर दुसरा कप कुणासाठी काढला होता हे आठवून परत फळीवर ठेवायची. गाडी गाळ्याच्या मागच्या भागात पांढऱ्या चादरीखाली होती. नवरा गेल्यावर महिन्याभरानं इंजिनवाल्या मिस्त्रीनं येऊन ती सुरू करून दाखवली होती. गाळा हादरला होता. कुशनवालीनं अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "कळलं. बंद करा."

तीस वर्षं गाळा भाड्यानं होता. म्हातारा मालक वारला, आणि त्याच्या मुलानं माणूस धाडला. या महिनाअखेर सत्तावीस लाख देऊन गाळा विकत घ्या, नाहीतर रिकामा करा. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.

तिचा मुलगा महिन्यातून एकदा यायचा. तो खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "आई, सोड ना हा गाळा. ये आमच्याकडे."

"बाराव्या मजल्यावर? मी काय कबूतर आहे?"

"एक खोली रिकामी आहे."

"खोलीचं कळलं. खोलीच्या मालकिणीचं काय?"

मुलगा हातातली किल्ली फिरवत बसला. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. मुलगा-सून चार दिवस राहायला आले होते आणि ते निघायच्या सकाळी कुशनवालीची शाल सापडेना. जाड, तपकिरी, लोकरीची शाल. लग्नाच्या आधी तिनं बसच्या चाळीस सीटा शिवल्या होत्या, त्या पहिल्या कमाईची. तिनं वरची खोली पालथी घातली, खालचा गाळा पालथा घातला आणि शेवटी गाळ्याच्या दारात, शेजारपाजारच्या देखत, सुनेची निळी बॅग पालथी घातली. शाल निघाली नाही. "आधीच पोचवली असेल कुठंतरी," असं ती म्हणाली. "वस्तूला काय पाय फुटतात?" सून पुढं आली. खाली वाकून एकेक कपडा उचलून तिनं बॅग भरली. त्यानंतर ती या गाळ्यात एकदाच आली, सासरा गेला तेव्हा. भिंतीपाशी उभी राहिली आणि उभ्याउभ्याच गेली.

"मी इथून हलणार नाही," कुशनवाली मुलाला म्हणाली. "गाडी विकते."

"बाबांची?"

"मग काय शेजाऱ्याची?"

*

गाडीची किंमत करायला जो आला त्याला ती मनातल्या मनात 'पारखी' म्हणू लागली. चाळिशीचा, स्वच्छ नखांचा माणूस. एका दाताच्या डॉक्टरला अशी गाडी हवी होती, त्याच्या वतीनं तो आला होता. खिशातून त्यानं भिंग काढलं, छोटा टॉर्च काढला आणि मऊ कापडात गुंडाळलेलं एक लोहचुंबक काढलं.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"पुट्टी पकडायला, मावशी. आत पुट्टी भरून वरून रंग मारला असला की चुंबक चिकटत नाही. लोक अख्खी गाडी पुट्टीची करून विकतात."

"चिकटवा. कुठंही चिकटवा."

त्यानं चाकांच्या वर चिकटवलं, दारांच्या खाली चिकटवलं, मागच्या दिव्यांच्या कडेला चिकटवलं. चुंबक प्रत्येक ठिकाणी टक् करून बसत होतं. कुशनवाली एप्रनच्या खिशात हात घालून प्रत्येक टक् ऐकत होती. अकरा वर्षांत नवऱ्याला कुणी शाबासकी दिली नव्हती, ती आता एक लोहचुंबक देत होतं. विसाव्या टक्नंतर पारखीनं चुंबक परत कापडात गुंडाळलं.

"असं काम मी फार कमी पाहिलंय," तो म्हणाला. "आणली तेव्हा कशी होती?"

"कोंबड्यांचं खुराडं होती. एका गोदामामागं. सीटवर अंडी होती."

"कितीला घेतली?"

"दोन लाखाला. अंडी फुकट."

तो हसला. मग कागद घेऊन हिशोब मांडू लागला. क्रोमचा मुलामा, काचा, परदेशातून आलेले इंजिनचे भाग, टायर, रंगाचे सात हात. बेरीज एकतीस लाखांवर गेली. "आणि मजुरी?"

"मजुरी घरची."

"तीच सगळ्यात महाग असते, मावशी. ती धरली तर पन्नासच्या वर जाईल. आणि बाजारात ही जाईल अठ्ठावीसला."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला."

"कोंबडीही चार आण्यालाच जाणार म्हणा. आमच्यात म्हणतात, तयार गाडी घेतो तो शहाणा, तयार करतो तो वेडा."

"वेडे संपले तर शहाण्यांनी चालवायचं काय?"

"म्हणून तर आम्ही वेड्यांना जपतो," तो म्हणाला, आणि मग त्याला आठवलं असावं की वेडा आता भिंतीवरच्या फोटोत आहे. तो ओशाळला. कुशनवालीला त्याचा राग आला नाही. अठ्ठावीसमधून सत्तावीस गेले की एक उरतो आणि गाळा राहतो, एवढं गणित तिला तिसरीतही जमत होतं.

मग पारखी दार उघडून चालवणाऱ्याच्या सीटवर बसला. बसला, उठला, पुन्हा बसला. खिशातून बुडबुड्याची लेव्हल काढून त्यानं सीटवर ठेवली. हिरव्या पाण्यातला बुडबुडा डाव्या टोकाला जाऊन चिकटला.

"मावशी, ही सीट वाकडी आहे. डावीकडं चढ आहे."

कुशनवालीला ते ठाऊक होतं. तो चढ तिनं स्वतः घातला होता, दीड बोट, काथ्याचे थर मोजून. पंधरा वर्षांपूर्वी जॅक घसरला आणि नवऱ्याचा डावा खुबा मोडला. पाय जुळला, पण दीड बोट आखूड राहिला. लंगड्याकडं कोण वाकडी गाडी सरळ करायला देणार, असं त्याच्या डोक्यात बसलं. म्हणून तिनं त्याच्या डाव्या बुटात आतून चामड्याचे थर शिवून दिले आणि जगात कुणाला कळलं नाही. साध्या सीटवर तो दहा मिनिटं बसला तरी कंबर धरायचा. या सीटवर तो सरळ बसायचा. शेवटच्या वर्षी दुपारी चहा घेऊन तो इथंच येऊन बसे, चाक हातात धरून, बंद शटरकडं बघत.

हे पारखीला सांगायचं तर बुटातली गोष्ट सांगायला हवी. मेलेल्या माणसाचा बूट गिऱ्हाइकापुढं काढायचा. तिच्या शिलाईत आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मोठमोठ्या गॅरेजवाल्यांनी खोट काढायचा प्रयत्न केला होता आणि हात हलवत परत गेले होते.

"चूक झाली माझी," ती म्हणाली.

तिचं तिलाच ते शब्द परके वाटले. पारखीनं मान डोलावली, जशी कुठल्याही कारागिराची चूक ऐकून डोलावतात तशी, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग तो शेजारच्या सीटकडं वळला.

"हीसुद्धा. ही सरळ आहे, पण तीन बोटं उंच आहे."

"काय म्हणालात?"

"मूळ मापापेक्षा उंच. कंपनीच्या पुस्तकात माप आहे."

"एक चूक कबूल केली म्हणून दुसरी गळ्यात मारू नका. ही सीट मी जुन्या खोळीवरून कापली, टाका मोजून शिवली. एक सूतभर फरक नाही."

"पट्टी लावून बघा ना."

"तुमच्या पट्टीला भाव पाडायची सवय दिसते."

"मावशी, भाव मी पाडत नाही, सीट पाडते. अशीच द्यायची तर पंचवीस. डॉक्टर दुसरीकडून सीटा करून घेईल, आणि चांगला कुशनवाला आज चार महिने तारीख देत नाही. दोन्ही सीटा मापात असल्या तर अठ्ठावीस."

पंचवीस म्हणजे गाळा गेला. बारावा मजला आला.

"चार दिवसांनी या," ती म्हणाली. "पुस्तकही आणा नि पट्टीही आणा. शेजारच्या सीटला तुमची तीन बोटं सापडली नाहीत, तर तुम्ही माझी माफी मागायची. गल्लीत उभं राहून."

"आणि सापडली तर?"

"सापडायची नाहीत."

*

तो गेला आणि तिनं जेवायच्याही आधी पाना घेतला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी चार बोल्ट सोडवून सीट बाहेर काढणं म्हणजे खेळ नाही, पण राग हा चांगला हमाल असतो. सीट टेबलावर आणून तिनं पट्टी लावली.

तीन बोटं.

तिनं दुसऱ्या बाजूनं लावली. चष्मा पुसून लावली. मग खुर्ची ओढून बसली. हात थरथरायला लागले आहेत का, डोळे गेले आहेत का, की शिवतानाच चुकलं आणि तीन वर्षं कळलं नाही? ही सीट बसवल्यापासून तिच्यावर कुणी बसलंच नव्हतं. त्या दोघांचं तसं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे भांडण झालं होतं. सीट नवी कोरी असताना नवऱ्यानं तिला हौसेनं गाडीत बसवलं, दार दोन बोटांनी हळूच लावलं आणि विचारलं, कसं वाटतं? ती उंचीनं जेमतेम शिलाईच्या टेबलाएवढी. समोर डॅशबोर्डचा पत्रा आणि वर गाळ्याच्या छपराचे वासे, एवढंच तिला दिसलं.

"मला काय दिसणार इथून, कप्पाळ?" ती म्हणाली होती. "पेटीत घातल्यासारखं वाटतं. इंजिन सुरू होऊन रस्त्यावर जाईल तेव्हा बघू, तोवर माझं बूड या सीटला लागायचं नाही. तेव्हाही लागेल याचा भरवसा धरू नका."

तो काही बोलला नव्हता. कधी बोलायचा?

तिनं सीट उलटी केली. खालून स्प्रिंगा, त्यांच्यावर गोणपाट, आणि गोणपाटाची कड चौकटीला शिवलेली. ती स्वतः मेणातल्या दोऱ्यानं शिवायची, दुहेरी. तीन कडांना तिचाच दोरा होता. चौथ्या कडेला तांब्याची तार होती.

बारीक तार, बारा टाके. तिनं पट्टी लावली, कारण पट्टी लावल्याशिवाय ती कशावरच विश्वास ठेवत नसे. प्रत्येक टाका दुसऱ्यापासून बरोबर दीड बोटावर. प्रत्येकाचं टोक आत वळवून, ठोकून, सपाट केलेलं, की पुढंमागं कातड्याला टोचू नये. कुठलाही कुशनवाला तारेनं शिवत नाही. पत्र्याच्या माणसाला सुई धरता येत नसेल, आणि सुईवालीला विचारायची सोय नसेल, तर तो असं शिवेल.

तिनं पक्कड घेतली. एकेक टाका उलगडताना तार ताठ, न ऐकणारी होती. बारावा सुटला आणि गोणपाट लोंबलं. स्प्रिंगांच्या नि काथ्याच्या मधे काहीतरी तपकिरी होतं.

चार घड्या. कडा जुळवून, इस्त्री केल्यासारख्या. तीन बोटं जाड.

बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारून विचारलं, दुचाकीची सीट शिवाल का? ती म्हणाली, उद्या. आवाज नेहमीसारखाच निघाला. मग तिनं शाल मांडीवर घेतली. लोकरीला तेलाचा नि काथ्याचा वास लागला होता.

आधी तिला राग आला. बरंच झालं, कारण रागाशी तिची जुनी ओळख होती. "अहो," ती फोटोला म्हणाली, "तोंड होतं ना तुम्हाला? मी त्या पोरीची बॅग दारात पालथी घातली तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

तो कुठं होता ते तिला लख्ख आठवलं. गाडीच्या मागं उभा होता, हातात हातोडी, तोंड अर्धवट उघडं. "अगं, जाऊ दे, एका शालीचं काय," असं काहीतरी तो म्हणाला होता, आणि ती म्हणाली होती, "तुम्ही मधे बोलू नका." त्यानंतर तो आत गेला आणि मागचा एक पत्रा ठोकत बसला. कितीतरी वेळ ठोकत होता. तो पत्रा आदल्या आठवड्यातच सरळ झाला होता. तेव्हा तिला ते कळलं नव्हतं. कळलं असतं तरी बॅग भरली गेली होती, आणि बोललेलं उसवता येत नाही.

गाडी सुरू होईल त्या दिवशी तो तिला बसवणार होता. तिला रस्ता दिसणार होता. मग हळूच सांगणार असेल, किंवा तेव्हाही सांगणार नसेल. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी निजलं तो माणूस आपल्याला घाबरत होता. ही गोष्ट आरशात न दिसणाऱ्या डागासारखी असते. सगळ्या गल्लीला दिसते.

*

दोन दिवस तिनं काम केलं. शेजारच्या सीटमध्ये मूळ मापाचा काथ्या भरून गोणपाट आपल्या दोऱ्यानं बंद केलं. चालवणाऱ्याची सीट उघडली. डाव्या बाजूचे दीड बोटाचे थर तिनं काढले तेव्हा ते चपटे होऊन नवऱ्याच्या बसण्याचा आकार धरून राहिले होते. टेबलावर ठेवले तरी तसेच राहिले, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखे. ते टाकून द्यायचे होते. तिनं ते जिन्याखाली ठेवले.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं फोन लावला. मुलगा या वेळी कामावर असतो हे तिला ठाऊक होतं.

"हॅलो," सून म्हणाली.

"मी बोलतेय."

"ते घरी नाहीत. संध्याकाळी येतील."

"त्याच्याकडं काम नाही. तुझ्याकडंच आहे."

पलीकडं नळ वाहत होता. तो बंद झाला.

"शाल सापडली," कुशनवाली म्हणाली.

पलीकडं एक भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, "कुठं?"

"गाडीच्या सीटमध्ये. तुझ्या सासऱ्यांनी भरली होती. मला बसल्यावर रस्ता दिसावा म्हणून."

"अच्छा."

"मला कालपरवाच कळलं."

"बरं झालं सापडली. थंडी आहेच. वापरा तुम्ही."

सुनेच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कुशनवालीला धरायला काहीतरी मिळालं असतं. तीन दिवसांपूर्वी एका परक्या माणसापुढं तिनं न केलेली चूक एका दमात कबूल केली होती. आता केलेल्या चुकीला जीभ वळत नव्हती.

"ती तुझी निळी बॅग," ती म्हणाली.

"कुठली?"

"तीच. त्या दिवसाची."

"ती टाकली मी. तिची चेन तुटली होती."

तुटली नव्हती. ओढून तोडली होती. ज्या हातांनी हजारो चेनी बसवल्या त्याच हातांनी.

"चेन मी बसवून दिली असती," ती म्हणाली.

"हो," सून म्हणाली.

"चूक झाली माझी."

फोनमध्ये सुनेचा श्वास ऐकू आला. एक, दोन. "कळलं," ती म्हणाली. "भांडी पडलीत. ठेवू?"

"ठेव."

फोन बंद झाल्यावर कुशनवालीच्या लक्षात आलं, की एवढ्या बोलण्यात ती एकदाही 'आई' म्हणाली नाही. पूर्वी प्रत्येक वाक्याला म्हणायची. तेव्हा कुशनवालीला त्याचा वैताग यायचा.

*

चौथ्या दिवशी पारखी पुस्तक आणि पट्टी दोन्ही घेऊन आला. बुडबुडा दोन्ही सीटांवर बरोबर मधे थांबला. पट्टीनंही होकार दिला.

"मावशी, माफी कुणी मागायची?" त्यानं गमतीनं विचारलं.

"मी," ती म्हणाली. "तीन बोटं होती. तुमची पट्टी खरी बोलते."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. तो खिशात चेकबुक शोधू लागला. अठ्ठावीस लाखांचा चेक तिनं दोनदा वाचला, आकड्यात आणि अक्षरात, आणि एप्रनच्या आतल्या खिशात घातला. गाळ्याच्या मालकाच्या मुलाला तिनं पारखीच्या समोरच फोन केला. "दुसऱ्या गिऱ्हाइकाला घरी पाठव," ती म्हणाली. "दारात उभं राहून पाय दुखले असतील त्याचे."

पारखीनं गाडी बाहेर काढली. उन्हात ती इतकी लाल दिसली, की समोरच्या दुकानातले दोघं बाहेर आले. पारखी काच खाली करून म्हणाला, "एक चक्कर मारता का? मग मी तशीच घेऊन जाईन."

ती नाही म्हणणार होती. शब्द ओठांवर आले होते. मग ती आत गेली आणि शाल घेऊन आली.

शेजारच्या सीटवर बसल्यावर समोर डॅशबोर्डचा पत्रा होता आणि वर आभाळ. तीन वर्षांपूर्वी दिसलं होतं तसंच, फक्त वाशांच्या जागी आभाळ. सीट आता अगदी मापात होती. पुस्तकाबरहुकूम. बाईमाणूस अमक्या उंचीचं असेल असं कुणीतरी कुठल्यातरी कारखान्यात ठरवलं होतं, आणि ती त्यात बसत नव्हती.

ती उठली, शाल कडा जुळवून चार घड्यांची केली, सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

लांबलचक लाल बॉनेट दिसलं. त्याच्या पलीकडं गल्ली दिसली, गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं रस्ता ओलांडत होती ती दिसली, आणि रस्ता.

पारखीनं तिच्याकडं पाहिलं. मग शालीकडं पाहिलं. तीन बोटं त्याच्या लक्षात आली असावीत, कारण त्याची नजर पट्टीसारखी होती. पट्टी त्यानं काढली नाही. तेवढ्यापुरता तो तिला आवडला.

"दिसतंय का?" त्यानं विचारलं.

"दिसतंय. हळू न्या. विकलेली गाडी आहे, ओरखडा आला तर मी भरून देणार नाही."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. पुलापर्यंत गेली, पुलावरून वळली. वारा कानात शिरत होता, इंजिन घुमत होतं आणि बोलायला काहीच नव्हतं. चालवणाऱ्याच्या सीटवर पारखी ताठ बसला होता, दोन्ही खुबे एका पातळीत. कुशनवालीनं पुन्हा तिकडं पाहिलं नाही. तिनं समोर पाहिलं. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा एकेक करून बॉनेटखाली जात होत्या, समान अंतरावर, बारा, बारा आणि पुन्हा बारा.

गाळ्यापाशी ती उतरली. शाल उचलली, कातड्यावर पडलेल्या वळ्या तळव्यानं पुसल्या आणि दार दोन बोटांनी हळूच लावलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उजवीकडं वळली. आवाज तिच्यानंतर थोडा वेळ राहिला.

गाळा आता तिचा होता. मागच्या भागात पांढरी चादर जमिनीवर पडली होती, खाली काहीच नसलेली. तिनं ती झटकून घडी केली. मग शिलाईच्या टेबलावर सीटांचं उरलेलं कातडं पसरलं, हात फिरवून त्यातला निर्दोष भाग शोधला आणि खडू घेतला. निळी बॅग किती लांब होती, किती उंच होती, हे आठवायला तिला फारसा वेळ लागला नाही. पालथी घातली तेव्हा नीट पाहिली होती.